उलाळ आणि धुरजड

सीटा काढून झाल्यावर गाडीच्या तळाच्या पत्र्यावर पेन्सिलींचे तुकडे, केसांच्या पिना, बोरकुटाच्या रिकाम्या पुड्या आणि सात रुपयांची चिल्लर निघाली. अकरा वर्षं शाळेची मुलं वाहिलेली ट्रॅव्हलर होती ती. बाहेरून अजून पिवळी, आतून आता नुसता पत्र्याचा बोगदा. मिस्त्रींनी ग्राइंडर खाली ठेवला, हात पुसले आणि विचारलं, "काका, आता ह्याचं करायचं काय?"

"घर," मी म्हणालो.

मला वाटलं होतं हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी तीन प्रश्न विचारले: माणसं किती, एका जागी दिवस किती आणि पाणी किती. माझ्याकडे पहिल्याचंच उत्तर होतं. दोन. मी आणि बायको.

मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. त्यामुळे कुठलंही काम हातात घेतलं की आधी ते पूर्वी कुणी केलं होतं हे शोधायचं, ही खोड. प्लायवूड नंतर आलं, पुस्तकं आधी आली. "तुमचं वाचून होईपर्यंत गाडी गंजेल," असं बायको म्हणाली, आणि पहिल्या पावसाळ्यात मागच्या चाकावरच्या पत्र्याचं तसं झालंही. पण ह्या वाचनात मला एक माणूस भेटला, आणि त्याच्यामुळे पुढचं बरंच काही उलगडलं. काही ठिकाणी नको तितकं.

विल्यम गॉर्डन स्टेबल्स हा स्कॉटिश गृहस्थ इंग्लंडच्या आरमारात डॉक्टर होता. नोकरी सुटल्यावर लंडनच्या पश्चिमेला ट्वायफर्ड नावाच्या गावी राहून तो मुलांसाठी साहसकथा लिहायचा, ढिगाने. १८८५ साली त्याने ब्रिस्टलमधल्या रेल्वेचे डबे आणि घोडागाड्या बांधणाऱ्या कारखान्याकडून स्वतःसाठी एक चाकांवरचं घर बनवून घेतलं. अठरा फूट लांब, महोगनी आणि मेपल लाकडाचं. नाव ठेवलं 'वाँडरर'. पोट भरण्यासाठी नव्हे, केवळ हौसेसाठी बांधलेलं जगातलं पहिलं फिरतं घर म्हणून आज त्याचा उल्लेख होतो, आणि ते अजून शाबूत आहे.

आरमारातला माणूस असल्याने तो आपल्या गाडीला 'जमिनीवरची यॉट' म्हणायचा, प्रवासाला 'सफर' आणि आतल्या खोल्यांना जहाजावरची नावं. ही नुसती हौस नव्हती. जहाजावर राहिलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते: हलत्या घरात प्रत्येक वस्तूला बांधून ठेवायला जागा लागते आणि प्रत्येक जागेने दोन कामं करावी लागतात. दिवसा बसायचं ते रात्री झोपायचं. त्याच्या गाडीत पुस्तकांचं कपाट होतं, तेलावर चालणारी शेगडी होती. ओढायला दोन घोडे, सोबत एक गाडीवान, एक नोकर, न्यूफाउंडलंड जातीचा एक दांडगा कुत्रा आणि एक काकाकुवा. नोकराचं एक काम मला फार आवडलं. तीन चाकांच्या सायकलवर बसून तो गाडीच्या पुढे जायचा आणि समोरून येणाऱ्यांना सांगायचा, की मागून काहीतरी मोठं येतंय, बाजूला व्हा. रात्री गाडीवान घोड्यांबरोबर सरायीत. डॉक्टरसाहेब गाडीत.

त्या उन्हाळ्यात स्टेबल्स ट्वायफर्डहून निघून स्कॉटलंडच्या उत्तरेला इनव्हर्नेसपर्यंत गेला. तेराशे मैल, म्हणजे साधारण २,१०० किलोमीटर. पुढच्या वर्षी, १८८६ मध्ये, त्याचं प्रवासाचं पुस्तक आलं. वाटेत लोक जमायचे आणि तर्क करायचे: खेळ दाखवणाऱ्यांची गाडी असेल, धर्मप्रचारकांची असेल. घरदार असलेला माणूस घर सोडून गाडीत का राहील, हे कुणाला सुचायचंच नाही. तो स्वतःला 'सभ्य जिप्सी' म्हणवून घ्यायचा. मोकळी हवा, साधं जेवण, लवकर झोप ह्याने प्रकृती कशी सुधारते हे डॉक्टरी अधिकाराने सांगायचा. वीसेक वर्षांनी, १९०७ मध्ये, अशा हौशी लोकांचा कॅरव्हॅन क्लब निघाला, तेव्हा त्यात ह्याला मानाचं पद मिळालं.

'सभ्य जिप्सी' ह्या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो. 'सभ्य' हे विशेषण लावावं लागतं म्हणजे विशेषणाशिवायचे जिप्सी कुठेतरी असणार. ते होतेच, त्याच रस्त्यांवर, तशाच गाड्यांतून. आणि नेमक्या त्याच वर्षांत त्यांच्या गाड्यांवर कायदा आणायची खटपट चालू होती.

कोलव्हिलचा जॉर्ज स्मिथ हा माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. वीटभट्टीवर राबणाऱ्या लहान मुलांसाठी तो लढला होता. कालव्यांवरच्या बोटींत राहणाऱ्या कुटुंबांसाठी १८७७ आणि १८८४ साली जे कायदे झाले, त्यांच्यामागे त्याचीच चिकाटी होती. मग त्याने मोर्चा वळवला जिप्सींकडे आणि जत्रांमधून फिरणाऱ्या खेळवाल्यांकडे. त्यांच्या गाड्यांची नोंदणी व्हावी, किती माणसांनी राहायचं ते ठरावं, अधिकाऱ्याने येऊन आत पाहावं, मुलं शाळेत जावीत. 'चल निवासां'चं हे विधेयक १८८० च्या दशकात आणि नंतरही पार्लमेंटात पुन्हापुन्हा आलं. मुलांच्या शाळेबद्दल कुणाचं काय म्हणणं असणार? पण ज्याचं घर त्या गाडीतच आहे, त्याच्या दृष्टीने अधिकारी केव्हाही येऊन घराचं दार उघडू शकतो, असा त्याचा अर्थ होता. १८८९ मध्ये ह्या गाडीवाल्यांनी आपली संघटना उभारली, वर्गणी काढली, विरोध केला. विधेयक कधीच मंजूर झालं नाही. इंग्लंडमधल्या जत्रेतल्या पाळणेवाल्यांची जी मोठी संघटना आज आहे, तिचं मूळ ह्या भांडणात आहे.

इंग्लंडमध्ये जे जमलं नाही, ते हिंदुस्थानात आधीच झालेलं होतं, आणि त्याहून कितीतरी कठोर रूपात. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. आधी उत्तरेत, मग हळूहळू सगळीकडे. १९११ नंतर मुंबई इलाख्यातही. एका अख्ख्या जमातीला जन्मतः गुन्हेगार ठरवायचं, नावं नोंदवायची, हजेरी घ्यायची, गाव सोडायचं तर परवाना मागायचा. इथे वर्गणी काढून विरोध करायला पार्लमेंटच नव्हतं. सोलापूरला तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तिला लोक 'सेटलमेंट'च म्हणतात, आणि तो शब्द मराठीत तसाच राहिला. फिरणाऱ्याला 'सेटल' करायचं ते तारेच्या आत. हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. लक्ष्मण मानेंचं 'उपरा' आलं १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ मध्ये. दोन्ही मी वर्गात शिफारस करायचो. त्यातलं बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर कसं चढवतात, ह्याकडे मात्र कारागिरी म्हणून मी कधी पाहिलं नव्हतं. गाडी बांधायला घेतल्यावर पाहिलं.

राजस्थानातल्या गाडिया लोहारांबद्दलही असंच. ही जमात सांगते, की १५६८ साली चितोड पडलं तेव्हा पूर्वजांनी शपथ घेतली: गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहायचं नाही, खाटेवर झोपायचं नाही. म्हणून त्यांच्या गाडीवर खाट असते, पण उलटी. १९५५ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर नेलं, शपथ फिटली असं जाहीर झालं. गाड्या मात्र आजही रस्त्याकडेला दिसतात. लोहारकाम फिरूनच मिळतं, आणि शपथ फिटल्याने जमीन मिळत नाही. त्या गाडीत भाता, ऐरण, धान्याचे डबे, पोरं, उलटी खाट हे सगळं कसं मावतं, ह्याचं मोजमाप घेऊन कुणी आराखडे काढले असतील तर मला ते हवे आहेत.

लोहारांवरूनच जर्मनीत जाऊ. वीडेनब्रुक नावाच्या गावात १८४४ साली एक लोहारशाळा निघाली. तिथे घोडागाड्या बनायच्या. तिचंच पुढे झालं वेस्टफालिया. १९५० मध्ये फोक्सवॅगनने डबा बस काढली. ती एका डच व्यापाऱ्याने, बेन पॉनने, १९४७ मध्ये वहीत काढलेल्या रेघोट्यांवरून सुचली होती. १९५१ मध्ये वेस्टफालियाने तिच्यासाठी 'कॅम्पिंग बॉक्स' बनवला. खुबी अशी, की ते सामान काढता यायचं. युद्धानंतरचा जर्मन दुकानदार दोन गाड्या कुठून घेणार? आठवडाभर त्याच गाडीतून माल पोचवायचा, आणि शनिवारी बॉक्स बसवून पोराबाळांना घेऊन निघायचं. हिप्पींची म्हणून जी गाडी आपण ओळखतो, ती मुळात वाण्याची होती. हिप्पी नंतर आले. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करत ते गोव्यात उतरले, परतीच्या भाड्यासाठी चीजवस्तू विकू लागले, आणि हणजुण्याचा बुधवारचा बाजार उभा राहिला. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता मिटला.

आणि माझी गाडी? आपण मराठीत मालवाहू छोट्या गाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणतो. हा शब्द हॅम्बर्गच्या एका कारखान्याचा आहे. त्याच्या तीनचाकी गाड्या १९५८ पासून बजाज टेम्पो ह्या नावाने आपल्याकडे बनू लागल्या. पुढे आकुर्डीला कारखाना झाला, आणि आपल्या गल्लीबोळांतून ते नाव इतकं फिरलं, की लोक त्याचा जन्म विसरले. जर्मनीतली ती कंपनी दुसरीत, दुसरी तिसरीत विरघळत शेवटी मर्सिडीजच्या पोटात गेली. इकडे ऐंशीच्या दशकात निघालेल्या ट्रॅव्हलरचा सांगाडा मर्सिडीजच्या ब्रेमेनमध्ये बनणाऱ्या व्हॅनवरून घेतला होता. आणि त्याच व्हॅनमध्ये वेस्टफालियाने एक फिरतं घर बसवलं होतं, नाव 'जेम्स कुक'. म्हणजे मी जो उद्योग नवा समजून करत होतो, तो त्याच सांगाड्यात पूर्वीच करून झालेला. मी हे मोठ्या उत्साहाने मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "मग त्यांनी पाणी कुठं ठेवलं होतं ते बघा ना पुस्तकात."

पाणी हा आमच्यातला वादाचा विषय होता. मला टाकी छताजवळ हवी होती, म्हणजे पंप न लावता नळाला धार येईल. मिस्त्री तयार नव्हते. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि ते डोक्यावर हिंदकळत असेल तर घाटातल्या वळणावर गाडी कुशीवर जाईल. मी म्हटलं, मग सगळ्यात मागे खाली ठेवू, दाराशी, भरायला सोपं. तेव्हा ते म्हणाले, "काका, गाडी उलाळ होईल."

हा शब्द मी चाळीसेक वर्षांनी ऐकला. बैलगाडीत मागे वजन जास्त झालं की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेला ओढ बसते; ती उलाळ. पुढे जास्त झालं की सगळा भार मानेवर, ती धुरजड. भरणाऱ्याचं कसब दोहोंच्या मधे आहे. आमच्या ट्रॅव्हलरला बैल नाहीत, पण मागे भार टाकला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं, ही तीच उलाळ.

मिस्त्री पाटोदा तालुक्यातले. आई-वडील ऊसतोडीला जायचे, टायरगाडी घेऊन. दसरा-दिवाळी झाली की निघायचं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परत. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, तेव्हा न जाण्याचा प्रश्नच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला ती गाडी भरून दाखवली, म्हणजे शब्दांनी. सगळ्यात खाली पत्र्याची पेटी, नेमकी आसावर. तिच्यात जोंधळे-बाजरी. तिच्या दोन्ही बाजूंना कोपीसाठी बांबू आणि चटया. पाण्याचा ड्रम रिकामाच न्यायचा, आत भांडी कोंबून. रिकामी वस्तू न्यायची नाही, हा नियम. कोयते गोणपाटात गुंडाळून कडेला, पोरांचा हात लागणार नाही असे. वर वाकळा, वाकळांवर पोरं आणि आजारी माणूस असेल तर तो. कोंबड्या टोपलीत, मागे लटकवून. शेळी चालत. "मी वाकळांवरच असायचो. चौथीपर्यंत. मग आजीनं ठिवून घेतलं शाळेसाठी." जॉर्ज स्मिथला हे वाक्य ऐकायला आवडलं असतं. त्याचं सगळंच चूक नव्हतं, असं मी म्हणतो ते ह्याचसाठी. पण मिस्त्री पुढे म्हणाले, "आजी नसती तर कोण ठिवणार होतं?" त्याचं उत्तर विधेयकात नव्हतं.

टाकी मग डाव्या बाजूला, दोन चाकांच्या मधे, तळाला आली. आत दोन आडवे पडदे, म्हणजे पाणी हिंदकळणार नाही. तिच्या समोर उजवीकडे बॅटरी, १२ व्होल्ट २०० अँपिअर-तासांची. युरोपातली पुस्तकं आणि चित्रफिती सगळा वेळ थंडीशी झगडतात. आमचा शत्रू ऊन. छत पांढरं रंगवलं, पत्र्याच्या आत फोम, त्यावर प्लाय, आणि छतात हवा बाहेर फेकणारा पंखा. गॅसचा पाच किलोचा सिलिंडर वेगळ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याच्या तळाला भोक. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालून निघून जावा म्हणून. हे सगळं करायला सात महिने लागले. त्यातले दोन महिने मी मोरीचं दार कुठल्या बाजूला उघडावं ह्यावर घालवले.

सगळ्यात अवघड गेलं ते कागदावरचं काम. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदीत लिहिलंय त्यात मूलभूत बदल परस्पर करता येत नाही, मंजुरी लागते. आमची गाडी शाळेची बस म्हणून नोंदलेली. तिचं घर झालं हे सरकारदरबारी मान्य व्हायला वेळ लागत होता. ते बरोबरच आहे. वेल्डिंग कच्चं असेल तर गाडी माझ्यासह दुसऱ्यालाही मारील. तरी अर्जात 'कायमचा पत्ता' हा रकाना भरताना मी थोडा अडखळलो. मग फ्लॅटचा पत्ता लिहिला. तो आहे म्हणूनच तर ही हौस.

कागद यायच्या आत आम्ही एक रात्र बाहेर काढून पाहिली. चूक होती, मान्य आहे. नगर रस्त्याच्या आतल्या अंगाला, एका गावाच्या बाजारतळावर थांबलो. पलीकडे एक घिसाड्यांचं बिऱ्हाड होतं. जुना पिकअप, ताडपत्री, हातपंख्याचा भाता, बाई घण घालत होती आणि म्हातारा विळ्याला धार लावत होता. पिकअपच्या फाळक्याला आतून सगळी हत्यारं अडकवलेली, प्रत्येकाला स्वतःचा खिळा. मी सात महिन्यांत जे ड्रॉवर केले त्यांच्याहून ते सरस होतं.

अंधार पडल्यावर गावातली दोन माणसं मोटारसायकलवरून आली. आधी आमच्याकडे. "आत बघू का सर?" बायकोने दिवा लावला. त्यांनी पंखा पाहिला, नळ सोडून पाहिला, सोलरचं विचारलं, किती खर्च आला ते विचारलं. एकाने फोटो काढला. "काही लागलं तर सांगा, घर इथंच आहे." मग ते पलीकडे गेले. तिथला आवाज आम्हाला ऐकू येत होता. किती दिवस राहणार, कुठून आलात, आधारकार्ड काढा. म्हाताऱ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून सगळ्यांची कार्डं काढून दिली. ती टॉर्चच्या उजेडात एकेक करून पाहिली गेली. "उद्या दुपारपर्यंत हाला."

त्या रात्री त्या तळावर ज्याचे कागद अपुरे होते असा एकच माणूस होता. मी बाहेर पडून काही बोललो नाही. काय बोलायचं ते जुळवत राहिलो, तोवर मोटारसायकल गेली. सकाळी आम्हीच आधी निघालो. म्हाताऱ्याकडून एक विळा घेतला. त्याने दीडशे सांगितले, मी दीडशे दिले. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, डाव्या कमानपाट्याचा बोल्ट सैल आहे. पाना आणून आवळून दिला, पैसे घेतले नाहीत.

मिस्त्रींना मी हे सांगितलं तेव्हा ते बोल्टबद्दल ओशाळले. बाकीच्याबद्दल काही बोलले नाहीत.

कागद मार्गी लागले, आणि निघायच्या आदल्या दिवशी गाडी वजनकाट्यावर नेली. साखर कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर रांगेत होते, त्यांच्यामागे आम्ही. काट्याने दाखवलं ३,२७० किलो, आम्ही दोघं खाली उतरलेलो, टाकी रिकामी. कमाल मर्यादा ३,५००. उरले २३०. आमची दोघांची वजनं मिळून १३५. उरले ९५. टाकी मात्र १२० लिटरची.

मिस्त्रींनी आत चढून एकेक कप्पा उघडला. पुस्तकांच्या पेटीपाशी थांबले. स्टेबल्सचं पुस्तक वरच होतं. त्यांनी पेटी दोन्ही हातांनी उचलून अंदाज घेतला, मग स्वतःच ती खाली उतरवली आणि गाडी परत काट्यावर घ्यायला सांगितलं. अठ्ठावीस किलो कमी.

"पाणी अर्धंच भरा," ते म्हणाले. "रोज भरता येतंय. तुम्हाला कोण नाही म्हणणारे."